उंदीर असतील

कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेल्या मल्लिकार्जुननं पत्रा कापायची कात्री मागितली तेव्हा वहिदा घाईनं पुढं आली. कॉम्प्युटरचा डबा जमिनीवर आडवा पडला होता. एका बाजूचं झाकण काढलेलं होतं आणि आतल्या वायरी बाहेर लोंबत होत्या.

"कात्री कशाला, अप्पा?"

"कार्ड लांब हाय भाभी, डबा आखूड. हार्ड डिस्कच्या खणाचा हा कोपरा आडवा यायलाय."

"आन् कापताना काही बिघडलं तर?"

"बिघडण्यासारखं ह्यात आता ऱ्हायलंय काय?" असं म्हणत त्यानं कोपरा कापलासुद्धा.

खोटं नव्हतं ते. कॉम्प्युटर अकरा वर्षांचा होता. वहिदा त्याच्यावर लातूरच्या एका क्लाससाठी जीवशास्त्राचे व्हिडिओ बनवायची. धडधडणारं हृदय, मूत्रपिंडात गाळलं जाणारं रक्त, फुलणारं आणि मिटणारं फुप्फुस. नीटच्या परीक्षेला दोन महिने उरले आणि क्लासच्या सरांनी उजळणीसाठी बारा व्हिडिओ मागितले. पण हृदय गोल फिरवून दाखवायचं म्हटलं की या डब्यालाच धाप लागायची आणि पडदा काळा व्हायचा. नवा कॉम्प्युटर घ्यायची ऐपत नव्हती. तेव्हा मल्लिकार्जुननंच मधली वाट काढली. नुसतं ग्राफिक्स कार्ड बदला म्हणाला, पण फार ताकदीचं नको, याचा पॉवर सप्लाय म्हातारा आहे, वेगळी वायर न मागता स्लॉटातूनच वीज घेणारं साधंसं बघा. तसलं नवंकोरंही परवडेना. वहिदाचा नवरा जावेद नांदेडला गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होता, शनिवारी घरी यायचा. त्यानं तिथंच शोधून एक जुनं कार्ड मिळवलं आणि जेवणाच्या डब्याच्या रुमालात गुंडाळून एस.टी.नं आणलं. कुठल्याशा गेमच्या दुकानात तीन-चार वर्षं राबलेलं कार्ड. पंखा थोडा खरखरतो, एवढं विकणारा म्हणाला होता, तेही खोदून विचारल्यावर.

कार्ड खटकन बसलं. पडदा उजळला, हृदय फिरलं आणि फिरतच राहिलं. वहिदाचा जीव भांड्यात पडला.

"झाकण मात्र आता बसायचं न्हाई," मल्लिकार्जुन हात पुसत म्हणाला. "उघडंच ऱ्हाऊ द्या. फक्त खाली ठेवू नका, धूळ वढंल."

खाली ठेवायला जागा होतीच कुठे? एक खोली, तिच्यातच ओटा, कोपऱ्यात मोरी. अर्थिंगचा प्लगही एकच, भिंतीतल्या कडप्प्याच्या फळ्यांजवळ. तिनं डबा वरच्या कडप्प्यावर ठेवला.

खालच्या कडप्प्यावर तिची खुणेची भांडी होती. थाळीत उपडा ग्लास, ग्लासाच्या बुडावर वाटी, वाटीत एक चमचा. किल्लारीच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहिलेल्या कितीतरी घरांत अशी भांडी रचलेली असायची. जमीन हलली की चमचा वाजतो, चमचा वाजला की पळायचं. बाकीच्या घरांतली ती रचना कधीच मोडली. वहिदानं मात्र लग्नानंतर लातूरला आल्यावरही पहिल्या दिवशी तीच भांडी मांडली होती आणि जावेद नुसता बघत राहिला होता.

तिला तसं कारण होतं. औसा तालुक्यातलं तिचं गाव त्या पहाटे गेलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. जमीन वर्षभर अधूनमधून गुरगुरायची आणि लोकांना त्याची सवय होऊन गेली होती. त्या पहाटे धाकट्या बहिणीनं, जेबानं तिला हलवून उठवलं होतं. "आपा, भांडी वाजलालीत." वहिदाच्या डोळ्यांवर झोप होती. "उंदीर असतील," ती म्हणाली, "झोप." जेबा शहाणी पोर होती, झोपली. वहिदाला दुपारी दगडामातीतून बाहेर काढलं, जेबाला दुसऱ्या दिवशी. ते दोन शब्द वहिदानं तीस वर्षांत कुणालाही सांगितले नव्हते. जावेदलाही नाही.

कार्ड बसवल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी चमचा वाजला.

वहिदा मेथी निवडत बसली होती. कॉम्प्युटरला काम लावून दिलं होतं. सगळी चित्रं जोडून व्हिडिओ पक्का व्हायला पंचवीस मिनिटं लागायची, त्या वेळात ती स्वयंपाक उरकायची. आधी चमच्याचा एक बारीक टणत्कार झाला, मग वाटी ग्लासावर थरथरू लागली. मांडीवरची मेथी तशीच सांडून ती अनवाणी गल्लीत आली.

"पोरींनो, खाली या! जमीन हाललाली!"

वरच्या मजल्यावर घरमालकीण लक्ष्मीबाईंनी मुलींना खोल्या दिल्या होत्या. चौदा मुली, सगळ्या नीटच्या. हदगावच्या, किनवटच्या, कुठल्या कुठल्या. बाहेरच्या लोखंडी जिन्यावरून त्या धडाधड खाली आल्या. एकीच्या हातात पुस्तक होतं, एकीच्या डोक्याला तेल लावलेलं अर्धंच.

"जिन्याचं रेलिंग हाताला झिणझिण लागून राहिलं हो, आपा," हदगावची शिवांगी म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

मागच्या खोलीतून लक्ष्मीबाई आल्या, भिंतीला तळहात लावून उभ्या राहिल्या. "हाव. भिंतीत गुरगुर हाय." थोड्या वेळानं म्हणाल्या, "थांबली."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, आणि तिसऱ्याही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, पण इथं तर भिणाऱ्यांची अख्खी गल्ली होती. पलीकडच्या घरांतल्या लोकांनाही हादरे जाणवू लागले. कुणाच्या कपाटाचं दार आपोआप उघडलं, कुणाच्या विहिरीचं पाणी गढूळ झालं. तहसीलातून माणूस येऊन गेला. कुठल्याच यंत्रावर नोंद नाही म्हणाला. तो गेल्यावर लोक जास्तच घाबरले. लक्ष्मीबाईंनी खाट अंगणात काढली. मुलींच्या आयांचे फोन सुरू झाले, आणि दोन मुली पुस्तकं बांधून गावी गेल्या. क्लास सोडून, परीक्षेच्या तोंडावर.

वहिदाला अन्न गोड लागेना. सगळ्यात आधी तीच ओरडायची, आणि ओरडल्यावर त्या जिन्यावरून उतरणाऱ्या पावलांकडे श्वास रोखून बघत राहायची. जिना अरुंद होता. एक पडली तर मागच्या सगळ्या तिच्यावर येणार होत्या.

आठव्या दिवशी शिवांगी पडली. नशिबानं शेवटच्या चार पायऱ्यांवरून पडली. घोटा नारळाएवढा सुजला. तिच्या वडिलांचा, रामकिशनरावांचा, संध्याकाळी फोन आला की परवा येतो आणि पोरीला घेऊन जातो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाकीच्या मुली क्लासच्या सराव परीक्षेला गेल्यावर वहिदानं शिवांगीला आपल्या खोलीत आणून बसवलं. कॉम्प्युटरला काम लावलं, वाटीत हळद-तेल कोमट केलं आणि तिचा पाय मांडीवर घेऊन बराच वेळ हळूहळू चोळत बसली.

"पपा नेणारच म्हणून राहिले, आपा. दोन वर्षं वाया जातील माझी."

"न्हाई जायची. हलवू नको पाय."

आणि चमचा वाजला.

वहिदा अर्धी उठली. शिवांगीनं दोन्ही हातांनी तिचा दंड धरला. पोरीला उभंही राहता येत नव्हतं. दार चार पावलांवर होतं, वहिदाचे पाय त्या दाराकडे वळलेलेच होते, आणि ती जाऊ शकत नव्हती. ती खाली बसली. पोरीचं डोकं तिनं छातीशी दाबलं आणि वरच्या स्लॅबकडे बघत राहिली. चमचा वाजत होता. या अल्ला, या अल्ला, एवढंच तिच्या तोंडून निघत होतं. आता कोसळेल, आता कोसळेल असं करत एक मिनिट गेलं, मग दुसरं. किल्लारीचा भूकंपही एवढा वेळ चालला नव्हता.

तेव्हा तिची नजर खाली फरशीवर ठेवलेल्या हळद-तेलाच्या वाटीवर गेली. तेल शांत होतं. मोरीतली बादली काठोकाठ भरलेली होती, तिच्या पाण्यावर साधी सुरकुतीही नव्हती. कडप्प्यावर चमचा मात्र थयथयाट करत होता. वहिदानं हळूच मान वर केली. वरच्या कडप्प्यावर उघड्या डब्यात कार्डाचा तो खरखरता पंखा जीव तोडून फिरत होता, आणि त्याच्या तालावर डब्याचा कापलेला पत्रा, पत्र्याखालचा कडप्पा, कडप्पा बसवलेली भिंत सगळं गुरगुरत होतं. भिंतीच्या पलीकडच्या अंगाला जिन्याचे अँगल ठोकलेले होते.

पडद्यावर व्हिडिओ पूर्ण झाल्याची खूण आली. पंखा मंदावला. चमचा थांबला.

"गेला?" शिवांगीनं डोळे न उघडता विचारलं.

"गेला," वहिदा म्हणाली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. कार्ड बसवलं त्या दिवशी तिनं पाच मिनिटं कान देऊन ऐकलं होतं. पण कार्ड तापून पंखा पिसाळायला वीस मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात ती ओट्यापाशी गेलेली असायची. ती घाबरून बाहेर पळून परत येईपर्यंत काम संपून डबा गरीब गायीसारखा बसलेला असायचा.

आता सांगून टाकायचं, एवढंच राहिलं होतं. लाज वाटली असती, लोक हसले असते, त्याचं तिला फारसं काही नव्हतं. अडलं होतं ते दुसऱ्याच ठिकाणी. सांगायचं म्हणजे काय म्हणायचं? भांडी वाजतायत ते काही नाही, पोरींनो, झोपा. हेच ना? ते वाक्य एकदा म्हणून झालं होतं. संध्याकाळी ती दोनदा जिन्यापर्यंत गेली आणि परत आली. पण वर शिवांगी ट्रंक भरत होती. ट्रंकेचा आवाज छतातून खाली येत होता, आणि उद्या जिन्यावरून कोण पडेल ते सांगता येत नव्हतं.

सकाळी रामकिशनराव आले, धोतराचा सोगा हातात धरून अंगणात उभे राहिले. वहिदानं सगळ्या मुलींना खाली बोलावलं, लक्ष्मीबाईंनाही.

"जरा वेळ बसा," ती म्हणाली. "तुम्हाला भूकंप दाखवते."

तिनं कॉम्प्युटरला काम लावलं. वीस मिनिटं सगळे डब्याकडे बघत बसले. मग पंखा चढला, चमचा वाजला, आणि दोन मुली सवयीनं उठून पळाल्याही. वहिदानं एक कळ दाबून काम बंद केलं. चमचा थांबला. पुन्हा लावलं, पुन्हा वाजला. तिसऱ्या खेपेला शिवांगी फसकन हसली आणि मग सगळ्या मुली पोट धरून हसू लागल्या. इतक्या दिवसांची भीती एकदम बाहेर पडत होती.

"म्हंजी ह्या डबड्यापायी मी आठ दिवस डास खाल्ले?" लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"माफ करा, काकू."

"माफ काय करायचं? दुधानं तोंड पोळल्यालं माणूस तू, ताक फुकून पिणारच की. जीव गेला न्हाई कुणाचा, झालं."

"पण एक ध्यानात ठेवा गं पोरींनो," वहिदा म्हणाली, "मशीन बंद असताना भांडी वाजली, तर मात्र..." तिचं पुढचं बोलणं हसण्यात बुडून गेलं. एक मुलगी पंख्याची नक्कल करत होती. रामकिशनरावांनी चहा घेतला, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला न घेताच हदगावची गाडी पकडली.

मल्लिकार्जुन येऊन पंख्यात तेल सोडून गेला. डब्याच्या चारही पायांखाली त्यानं जुन्या चपलेचे तुकडे दिले. गुरगुर कमी झाली, गेली मात्र नाही. "ह्या कार्डाचा सुटा पंखा मिळत न्हाई, भाभी. परीक्षा होऊ द्या, मंग बघू काही तरी."

गावी गेलेल्या दोन्ही मुली परत आल्या. लक्ष्मीबाईंची खाट आत गेली. अडीच वाजता गुरगुर सुरू झाली की वर कुणी तरी म्हणायची, "उठा गं, आपाचं मशीन लागलं," आणि दुपारची डुलकी सोडून मुली पुस्तकं उघडायच्या. क्लासच्या सरांना व्हिडिओ आवडले. सगळं सुरळीत झालं. आणि एके दुपारी वहिदाच्या लक्षात आलं की चमचा केव्हाचा वाजतोय आणि आपण तांदूळ निवडतोच आहोत. तिनं सूप खाली ठेवलं, उठून दारापर्यंत गेली, तिथं जरा वेळ उभी राहिली आणि परत येऊन बसली. ती भांडी काढून टाकावीत असं तिला एकदा वाटलं. पण तिनं ती तशीच राहू दिली.

परीक्षा नऊ दिवसांवर आली होती. सकाळचे साडेसहा वाजले असतील. लाईट नुकतीच गेली होती, दारातून येणाऱ्या उजेडात वहिदा भाकरी थापत होती. वर मुलींचं पाठांतर चाललं होतं. शिवांगीचा आवाज सगळ्यांत वरचढ, डावी कर्णिका, डावी जवनिका, महाधमनी.

चमचा वाजला.

"लागलं वाटतं मशीन," वहिदा स्वतःशीच पुटपुटली आणि भाकरी फिरवून घेतली.

तिचा हात परातीतच थांबला. डोक्यावरचा पंखा स्थिर होता. वरच्या कडप्प्यावर डबा काळाठिक्कर, मुका बसलेला होता. तिनं मोरीकडे पाहिलं. बादलीतल्या पाण्यावर वर्तुळं उठत होती, बारीक बारीक, काठापासून मधे येणारी. वाटी ग्लासावरून सरकली आणि थाळीत पडली.

वरून शिवांगीनं हसत हाक मारली. "आपा, आज सकाळीच का?"

आणखी दोघी-तिघी हसल्या. पाठांतर पुन्हा सुरू झालं. जिन्यावर एकही पाऊल वाजलं नाही.

वहिदा दारातून बाहेर पडली. गल्ली समोर होती, मोकळी, वर फक्त आभाळ. तीस वर्षं ती अशाच मोकळ्या जागेकडे पळत आली होती. पिठाच्या हातानं तिनं जिन्याचं रेलिंग धरलं, ते हाताला झिणझिणत होतं, आणि ती वर पळू लागली.

"पोरींनो," ती ओरडत होती, "मशीन बंद हाय! ऐका गं, मशीन बंद हाय!"